गोळी चुकली तर?
(महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



आज आम्ही एका लहानशा गोळीविषयी बोलणार आहोत. पाळणा लांबवण्याची गोळी. गडीमाणसांनी उठून जाऊ नये. गोळी बाई घेते, पण मूल दोघांचे असते. तेव्हा बसा.

मागे आमच्या वर्गातली एक बाई आमच्याकडे आली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ताई, मला दिवस गेले. तुमची गोळी खोटी हाय." आम्ही म्हणालो, "बाई, पाकीट दाखवा." तिने पाकीट दाखवले. मग एकेक गोष्ट बाहेर आली. भावाच्या लग्नाला ती माहेरी गेली होती. जुने पाकीट तिथेच संपले. नवे पाकीट घरी, कोनाड्यात राहिले. लग्नघरात कुणाला विचारायचे? चार दिवसांनी परत आली. आल्या आल्या तिने काय केले? चार गोळ्या एकदम घेतल्या. वाण्याची उधारी फेडावी तशा. रात्रभर मळमळत होते. पण मनाला वाटले, चला, हिशेब पुरा झाला.

हिशेब पुरा झाला नव्हता. तिचे धाकटे मूल तेव्हा दीड वर्षाचे होते. अंगात रक्त कमी. नऊ महिने तिने कसेबसे काढले. खुरपणीची मजुरी बुडाली. नवरा म्हणाला, गोळी फुकटची, म्हणून तिच्यात दम नाही. सासू म्हणाली, हिनेच लबाडी केली. आता बाई आणि बाळ सुखरूप आहेत. पण आम्हाला विचाराल तर चूक तिची नव्हती, गोळीचीही नव्हती. चूक आमची होती. आम्ही तिला "रोज एक गोळी घ्या" एवढेच सांगितले होते. चुकली तर काय करायचे, हे सांगायचे राहिले होते. ते आज सांगतो.

आधी पाकीट हातात घ्या. सरकारी दवाखान्यात जे फुकट मिळते त्याचे नाव माला-एन. दुकानात विकत मिळते ते माला-डी. आत औषध तेच आहे. फुकट म्हणून ते हलके नाही. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा नाव वाचून घ्या आणि मुदतीची तारीखही वाचा. मुदत उलटलेले पाकीट परत करा.

पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या आणि 7 तपकिरी. पांढऱ्या गोळीत खरे औषध आहे. तपकिरी गोळीत लोह आहे, रक्तासाठी. तिने गर्भ थांबत नाही. मग ती ठेवली कशाला? रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये म्हणून, आणि जमले तर रक्त वाढावे म्हणून. या सात दिवसांतच बहुधा पाळी येते. एका बाईने आधी तपकिरी गोळ्या संपवल्या. रक्त वाढले की मग पांढऱ्या घेऊ, असा तिचा विचार. तसे करू नका. बाणाची खूण असते, त्या बाजूने जा.

पाळी सुरू झाली की पहिल्या पाच दिवसांत पहिली पांढरी गोळी घ्या. पहिल्याच दिवशी घेतली तर उत्तम. सहाव्या दिवशी किंवा नंतर सुरू केली, तर आधी पोटात गर्भ नाही ना, याची नर्सबाईंकडून खात्री करून घ्या, आणि पहिले सात दिवस सोबत निरोध वापरा. पाकीट संपले की दुसऱ्या दिवशी नवे पाकीट. मध्ये एकही दिवस रिकामा नाही. पाळी चालू असो, थांबलेली असो, तिच्यासाठी थांबायचे नाही.

इथे एक सोपा हिशेब आहे. 28 दिवस म्हणजे चार आठवडे. पहिले पाकीट सोमवारी सुरू केले, तर दुसरेही सोमवारीच सुरू होणार. तिसरेही सोमवारी. ज्या वारी सुरू, त्या वारी दर वेळी सुरू. त्या वारावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करा. नवे पाकीट सुरू केले आणि वार दुसराच निघाला, तर समजा की कुठेतरी घोटाळा झाला.

आता गोळी काम कशी करते ते पाहू. एरवी बाईच्या बीजकोशातून दर महिन्याला एक बीज बाहेर पडते. पांढरी गोळी बीजकोशाला झोपवून ठेवते. बीजच बाहेर पडले नाही, तर गर्भ कसा राहील? पण एका गोळीचा जोर साधारण एक दिवसाचा. उद्याचे काम उद्याची गोळी करते.

तुम्ही ज्वारीची राखण करता. कणीस दुधात आले की माळ्यावर माणूस लागतो. हातात गोफण लागते. (आमच्याकडच्या कितीतरी बाया 'माला' न म्हणता 'माळा'च म्हणतात. म्हणोत बापड्या, अर्थ बरोबर जुळतो.) राखण करणारा एक सकाळ गेला नाही, तर सगळे शेत काही जात नाही. पाखरांना जमायला वेळ लागतो. पण तो दोन-तीन दिवस फिरकलाच नाही, तर थवा उतरतो. मग एका दिवसात चार दिवसांची गोफण फिरवून काय उपयोग? खाल्लेले दाणे परत कणसात येत नाहीत. म्हणून त्या बाईच्या चार गोळ्या वाया गेल्या.

अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. ही आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. तपकिरी गोळ्यांचे सात दिवस म्हणजे राखणदाराची सुटी. आधी तीन आठवडे नीट राखण झाली असेल, तर सात दिवसांच्या सुटीत धोका नाही. पण त्या सात दिवसांत बीजकोश हळूहळू जागा व्हायला लागतो. पाखरे कुंपणावर येऊन बसलेली असतात. आठव्या दिवशी राखणदार आलाच पाहिजे. त्या बाईची सुटी सात दिवसांची अकरा दिवसांची झाली. म्हणून सांगतो, सगळ्यांत वाईट चूक म्हणजे नवे पाकीट उशिरा सुरू करणे. पुष्कळ बायांना वाटते, मधली गोळी चुकली की घात होतो आणि सुरुवातीला दोन दिवस इकडे-तिकडे चालते. खरे उलटे आहे.

आता चुकीचा उपाय.

रात्रीची गोळी राहिली आणि सकाळी आठवली. आठवल्याबरोबर घ्या. रात्रीची गोळी रात्री घ्या. एका दिवसात दोन होतील, होऊ द्या. दुसऱ्या रात्री आठवली, तरी कालची आणि आजची अशा दोन घ्या. एक पांढरी गोळी चुकली तर एवढेच. निरोध लागत नाही, घाबरायचे कारण नाही.

दोन किंवा जास्त पांढऱ्या गोळ्या ओळीने चुकल्या, तर मात्र सावध व्हा. आठवल्याबरोबर एक गोळी घ्या. बाकीच्या चुकलेल्या सोडून द्या, त्यांची भरपाई करायची नाही. त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्या आणि पुढे रोज एक चालू ठेवा. पण सात पांढऱ्या गोळ्या ओळीने पोटात जाईपर्यंत निरोध वापरा किंवा जवळ येऊ नका. काही पुस्तकांत दोन गोळ्यांपर्यंत सूट दिलेली असते आणि तिसरीपासून निरोध सांगितलेला असतो. ते खोटे नाही. पण उन्हातान्हात काम करून आलेल्या बाईला आपल्या किती चुकल्या हेच नक्की आठवत नाही. म्हणून आम्ही सावध बाजूचे सांगतो.

त्यात पुन्हा पाहायचे की पाकिटाचा आठवडा कोणता. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन गोळ्या चुकल्या, किंवा पाकीट उशिरा सुरू झाले, आणि मागच्या पाच दिवसांत नवरा-बायको जवळ आले असतील, तर त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा दवाखान्यात जा. तातडीची गोळी वेगळी मिळते. ती 72 तासांच्या आत घ्यायची, म्हणजे तीन दिवसांत. जितकी लवकर तितकी बरी. ती अडचणीपुरती आहे, रोजच्या गोळीच्या बदली नाही.

तिसऱ्या आठवड्यात चुकल्या, म्हणजे पांढऱ्या संपत आल्या असताना, तर उरलेल्या पांढऱ्या संपवा, तपकिरी गोळ्या सोडून द्या आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटाची पांढरी सुरू करा. का? एक सुटी चुकून झाली, तिला लागून दुसरी सुटी द्यायची नाही. त्या महिन्यात पाळी कदाचित येणार नाही. त्याने अपाय नाही. म्हणून घरात नेहमी एक पाकीट जास्तीचे असावे.

आणि तपकिरी गोळी चुकली तर? काही नाही. ती फेकून द्या. फक्त नवे पाकीट ठरल्या वारी सुरू करा.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर गोळी बाहेर पडली असे समजा. जास्तीच्या पाकिटातली त्याच रंगाची एक घ्या. हगवण-उलट्या दोन दिवसांपेक्षा जास्त चालल्या, तर गोळ्या चुकल्या असे धरून वागा.

क्षयाच्या औषधात रिफॅम्पिसिन नावाचे औषध असते. त्याने या गोळीचा जोर कमी होतो. फेफऱ्याच्या काही औषधांनीही होतो. अशी बाई गोळी वेळेवर घेऊनही फसू शकते. तिने डॉक्टरांना दोन्ही औषधे दाखवावीत. क्षयाचे औषध मात्र कधीही सोडू नये. पाळणा लांबवायला दुसरे साधन मिळेल.

मागच्या खेपेला बायांनी आम्हाला पुष्कळ विचारले. त्यातले थोडे सांगतो. एकीने विचारले, "एकादशीला गोळी चालंल का?" चालेल. गोळी म्हणजे जेवण नाही. घोटभर पाण्याने उपास मोडत असेल असे आम्हाला वाटत नाही. ज्या बाया नवरात्रात नऊ दिवस गोळी बंद ठेवतात, त्यांचा उपास देव मानील, पण बीजकोश मानणार नाही.

दुसरी म्हणाली, "माझे मालक मुंबईला असत्यात. गणपतीला येत्यात, शिमग्याला येत्यात. रोज कशाला गिळू?" प्रश्न बरोबर आहे. पण नवरा एसटीतून उतरला त्या दिवशी गोळी सुरू करून भागत नाही. वर सांगितलेच आहे की राखण बसायला सात पांढऱ्या गोळ्या लागतात. तेव्हा रोज घ्या, किंवा आधीच्या पाळीपासून सुरू करा. नाहीतर त्या चार दिवसांसाठी निरोधच बरा. गुप्तरोगापासून बचावही निरोधच करतो. गोळी तो करत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी निघताना पाकिटे मोजून घ्यावीत. सहा महिन्यांना सहा पाकिटे असे म्हणू नका. सहा पाकिटे म्हणजे 168 दिवस. सहा महिन्यांचे दिवस 180च्या वर होतात. सात लागतात, आणि एक जास्तीचे. फडावर पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोरडे ठेवा. लेकरांच्या हाती लागू देऊ नका. तपकिरी गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या, तर जिवावर बेतते.

वेळ कोणती धरावी? तुमचे काम पाहून धरा. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. कुणी देवापुढे दिवा लावताना घेते. कुणी मोबाईलवर गजर लावते. एक आजीबाई सुनेला सांगत, "मिसरीच्या डबीत ठेव, मग इसरायची न्हाईस." (मिसरी सोडा, हे आम्ही दर वेळी सांगतो. आज ते नको.) तास-दोन तास मागेपुढे झाले तर या गोळीचे काही बिघडत नाही. पण रोज एकच वेळ धरली की चूक कमी होते. चूक कमी होणे यातच सगळे आहे. शंभर बायांनी वर्षभर अगदी नेमाने गोळी घेतली, तर एखादीलाही दिवस जाणे कठीण. पण घरोघर गोळी जशी चुकत-माकत घेतली जाते, तशी घेतली तर शंभरात साताला दिवस जातात.

पहिले दोन-तीन महिने मळमळते, डोके जड होते, मध्येच थोडे डाग पडतात. म्हणून बाया गोळी मध्येच टाकतात. डाग पडले म्हणून थांबू नका. बहुधा ते आपोआप बंद होतात. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखली, छातीत कळ आली, धाप लागली, डोके असह्य दुखले, नजर अंधारली किंवा कावीळ झाली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ही गोळी सर्वांना चालत नाही. अंगावर पाजणारीने मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नये. रक्तदाब वाढलेला असेल, वय 35च्या पुढे असून विडी ओढत असेल, यकृताचा आजार असेल, रक्ताची गाठ झाली असेल, अशा बाईने घेऊ नये. म्हणून शेजारणीचे पाकीट मागून सुरू करू नका. आधी नर्सबाईंना रक्तदाब पाहू द्या.

जिला रोज आठवतच नाही, तिच्यासाठी छाया नावाची गोळी आहे. हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधले गेले. 1991 साली ते सहेली या नावाने बाजारात आले. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. मग तीन महिने आठवड्यात दोन वार. पहिली रविवारी घेतली, तर रविवार आणि बुधवार. चौथ्या महिन्यापासून आठवड्यात एकदाच, फक्त रविवारी. पाजणाऱ्या बाईलाही चालते. पाळी मात्र लांबते, ते आधी समजून घ्या. वार चुकला तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे तीन महिने आठवड्यात दोनदा. आम्ही पाहतो की आठवड्याची गोळी विसरणेही सोपे असते. रोजचे काम अंगवळणी पडते, आठवड्याचे पडत नाही. ज्या गावात बाजाराचा वार पक्का आहे, तिथल्या बाया तो वार धरतात. ते चांगले.

एवढे करूनही पाळी चुकली तर? एकही गोळी चुकली नसेल, तर गोळी चालू ठेवा आणि तपासणी करून घ्या. गोळ्या चुकल्या असतील, तर तपासणीला उशीर करू नका. आशाताईंकडे निश्चय नावाची पट्टी असते. लघवीच्या दोन-चार थेंबांवर कळते. दिवस राहिले असतील तर गोळी बंद करा. नकळत घेतलेल्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला व्यंग येत नाही. ती भीती मनातून काढून टाका.

आणि मूल नकोच असेल, तर भगताकडे, सुइणीकडे जाऊन पोटात काडी घालून घेऊ नका. त्यात बाया मेल्या आहेत. 1971 साली कायदा झाला. त्यात साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ काढून घेण्याची मोकळीक आहे. 2021 साली तो कायदा सुधारला. त्यानुसार 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. बाई 18 वर्षांची पुरी असेल, तर तिची एकटीची संमती चालते. नवऱ्याची सही लागत नाही. जितके लवकर जाल तितके सोपे. ज्या बाईची गोष्ट आम्ही सांगितली, तिला हे कुणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

हे बोलायला आजही संकोच वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वी काय होते? 1921 साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. तेव्हा गोळी तर नव्हतीच. ती अमेरिकेत 1960 साली आली. कर्व्यांनी नोकरी घालवली, आपण थोडी लाज घालवू.

आता पाट्या काढा. आजचा वार लिहा. जिचे पाकीट चालू आहे, तिने सुरू केल्याचा वार लिहावा आणि आजपर्यंत किती गोळ्या जायला हव्यात ते मोजावे. मग पाकिटातली रिकामी घरे मोजावीत. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. जुळले नाहीत, तर पाटी पालथी घालू नका, आमच्याकडे आणा. पुढच्या बुधवारी नर्सबाई रक्तदाबाचे यंत्र घेऊन शाळेत येणार आहेत. येताना पाकिटे बरोबर आणा. रिकामी आणली तरी चालतील.